आतून कच्चं

फैजपूरला, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत
माझं एक डबकं आहे.
पाणी नाही त्यात; आकडे आहेत
आणि आकड्यांवर जगणाऱ्या चारशे पेशी.

पहिल्या आठवड्यात मी मोठेपण स्वस्त ठेवलं.
सकाळी पाहतो तर डबक्यात दोनच गोळे,
एकमेकांना टेकून,
गिळायला तिसरं कुणी नाही.
भावेश झोपे, माझा एकुलता परीक्षक,
माउस बाजूला सारून म्हणाला,
"यात खेळायचं काय, भो?"

मग जाडीला कर लावला.
रातोरात सगळ्या बारीक झाल्या,
लांबल्या, शेवया झाल्या,
खाटेवर वाळत घातल्यासारख्या
एकाच दिशेला तोंड करून.
सरळ पळायच्या, सुसाट.
वळायचं म्हटलं की भिंत.

त्रिज्या दुप्पट केली
तर कातडी चौपट, पोट आठपट:
हे मला नववीपासून पाठ होतं.
पाठच होतं फक्त.

रविवारी मामींच्या मळ्यात भरीत.
पऱ्हाट्यांच्या जाळावर बामणोदची हिरवी वांगी.
मी हौसेनं सगळ्यात थोराड उचललं.
साल कोळसा झाली. फोडलं
तर मधोमध पांढरं, रबरासारखं, गार.
सुलभामामी हसल्या नाहीत.
दुसरं घेतलं, विळ्यानं चिरा दिल्या,
"धग आत जाईन कुठून? वाट नको तिले?"
एवढंच; आणि कांद्याच्या पातीकडे वळल्या.

रात्री परत डबक्यापाशी.
खाली कुणाची तरी जळालेली मोटर
कोसभर तांब्याची तार
वीतभर पोटात गुंडाळून घेत होती.
मी भूक पोटावरून मोजली, घास कातडीवरून.
घड्या घालायला परवानगी दिली,
फुकट नाही; घडीमागे थोडा वेग कापला.
०.६७. नाही. ०.७१.
तेही नाही.
भावेश खुर्चीतच आडनावाला जागला.

पहाटे चारला लाईट गेली, इन्व्हर्टर किंचाळला,
आणि पडद्यावर एक पेशी,
घेवड्याच्या दाण्यासारखी, एका कुशीला दबलेली,
ना मोठी ना चपळ,
तिरकी तिरकी जात
दोन गोळ्यांच्या फटीतून निसटली.

उद्या कदाचित हीच सगळ्यांना खाईल,
मग हिलाही कर.
भावेशला उठवत नाही.
बॅटरी वीस मिनिटं पुरेल.
वळतेय. अजून वळतेय.