गळती

नगरपालिकेच्या पाणी खात्यात मला एकवीस वर्षं झाली.
गळती मला आवाजावरून कळते.
लोखंडी नळी सुस्कारते,
शिशाची कुढत राहते, आतल्या आत.

चौदा नंबरच्या तळघरात काहीच वाजत नव्हतं.
पाणी मात्र होतं. नितळ, गार,
क्लोरीनचा वाससुद्धा नाही.

हेजदुकोव्हाबाई टॉर्च धरून वर उभ्या.
"नदीवरचा बर्फ वितळला की चढतं.
मी बरण्या एक पायरी वर घेते."
काकडीच्या लोणच्याच्या बरण्या,
वर्गाच्या फोटोतल्या मुलांसारख्या ओळीत.
पायऱ्या सात, त्या म्हणाल्या. लहानपणापासून सातच.

आम्ही पंप लावला.
आठवी निघाली. नववी.
बारावीपर्यंत दगड झिजलेला,
मधोमध नाही, डावीकडे,
भिंतीला हात टेकून उतरणाऱ्यांच्या पावलांनी;
थंडीमुळे, की अंधारामुळे, की अंगावर काही नसल्यामुळे.
तळाशी चौकोनी कुंड,
एका माणसानं पुरतं बुडावं एवढंच.
व्होयतानं वाकून हात घातला, म्हणाला,
"साहेब, झरा जिवंत आहे."

दप्तरखान्यात जुनी फाईल सापडली:
ज्यू समाजाचं स्नानगृह. पाणीपट्टी माफ.
शेरा: पाणी आपलं आपण येतं.
(आपलं आपणच यायला हवं, असा त्यांचा नियम;
भरून आणलेलं चालत नाही.)
सोबत रेगिना आबेलेस नावाच्या देखरेखीच्या बाईचा अर्ज.
या हिवाळ्यात सरपणाची एक गाडी जास्त मिळावी,
पाणी तापवून कढत ओतावं लागतं,
नव्या नवऱ्या रडतात.
अर्जावर कुणाची तरी सही: अर्धी गाडी.

"घर तुमच्याकडे कधीपासून?" मी विचारलं.
"बेचाळीस साली मिळालं. वडिलांना."
मिळालं.
बाकावर विसरलेली छत्री मिळते तसं.
या क्रियापदाला देणारा लागत नाही,
ज्याचं होतं तोही लागत नाही.
मी पुढे विचारलं नाही.
माझ्याकडे आजीला मिळालेलं एक कपाट आहे,
खालच्या खणाच्या आत कोरलेली दोन अक्षरं,
आमच्या घरात कुणाचीच नाहीत.

रात्रीतून पाणी परत आलं, आठव्या पायरीपर्यंत,
जणू पंप लावलाच नव्हता.
गुरुवारी काँक्रीटची गाडी यायची होती, कुंड बुजवायला.
बुधवारी बाईंचा फोन:
"गाडी नको. बरण्या कुठे ठेवू मी?"

गेल्या आठवड्यात मीटर बघायला गेलो
तर सगळ्या बरण्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर,
पाऊल ठेवायला जागा नाही.
खाली पायऱ्या घासून पुसलेल्या.
मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या,
"ओलीनं झाकणं गंजतात हो."
चाळीस वर्षं गंजली नव्हती.

फॉर्मवर रकाने आहेत:
गळतीचं कारण. गळती कधीपासून. वाया गेलेलं पाणी, घनमीटरमध्ये.
तिसऱ्यात मी शून्य लिहिलं.
पहिल्या दोन्हींवर पेन नुसतं टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

त्या रात्री कपाटातले माझे शर्ट काढून
खुर्चीवर ठेवले.
सकाळी परत आत ठेवले.