चिंचोका

पहिल्या दिवशी रेघ सोपी होती.
अलीकडे माल: नाव, मासोळी, वजन, भाव.
पलीकडे दिसणं: अक्षर केवढं, रकाना किती रुंद.
मॉडेलला डोळे नाहीत, व्ह्यूला आठवण नाही,
असं वहीत लिहून मी ढिवर सोसायटीच्या
जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलो.
बाहेर तलावाच्या पाळीवर जाळी वाळत होती.

पुस्तकलाबाई नान्हे, काट्यावर एकवीस वर्षं,
म्हणाल्या, "अर्ध्या किलोच्या आत रोहू आली
का लाल दिसली पायजे बाप्पा. ते बारकी."
मी पलीकडे, रंगांच्या गावात, एक ‘जर’ लिहिला.
लाल झाली.

आठवड्यानं साकोलीच्या ठेकेदाराच्या फोनवर
तीच रोहू काळ्या अक्षरात,
मोठ्यांच्या रांगेत बसलेली.
चूक माझी. बारकी असणं मासोळीचं,
लाल असणं पडद्याचं.
‘जर’ उचलून अलीकडे आणला.
आणि ठेकेदाराला लाल-हिरवं कळतच नाही,
म्हणून त्याच्याकडे नुसता ठिपका ठेवला.
मॉडेलला हे सांगितलं नाही. त्याला काय करायचंय?

मग एका दुपारी लाइन गेली.
चाळीस मिनिटांनी आली.
एकशे बारा नोंदी, एक ग्रॅम हलला नव्हता.
मी थोडा ऐटीत.
बाईंनी वरून खाली पाहिलं, खालून वर.
"सारं हाये.
मी कोठी होती, तेवढंच नाही."

त्या उर्मिला मारबतेच्या ओळीवर होत्या.
तीन लिहिले होते, पुढं टिंब.
ते ‘३.’ कोणाचं?
वजन म्हणावं तर अजून झालं नाही.
चित्र म्हणावं तर बोटानं लिहिलेलं.

बाईंनी ड्रॉवर ओढला.
जुनी वही, आणि कोपऱ्यात
घासून गुळगुळीत झालेला एक चिंचोका.
कोणी हाक मारली की तो ओळीवर ठेवून उठायच्या.
"हिसाब वहीचा. डोये माहे.
हा कोनाचाच नाही,
पन हालला का सारी बोंब."

जाताना पाळीवरून पाहिलं.
पाणी उतरलं तिथं कोणी गाळपेर केली होती,
लाखोळी घोट्याएवढी.
सातबाऱ्यावर तो अजून तलावच.

रात्री पुन्हा लिहायला बसलो.
दोन फाइलींना नावं होती.
तिसरीला मी दिलं, मराठीतच.
ठेकेदाराच्या फोनला त्याचा वेगळा:
एकाच्या चिंचोक्यानं
दुसऱ्याची ओळ हलू नये.
हे खरं शेवटचं उत्तर आहे का, ठाऊक नाही.
दोघी एकाच ओळीवर आल्या तर काय,
ते अजून वहीत कोरं आहे.

शुक्रवारी परत लाइन गेली. आली.
टिंबापुढं काडी लुकलुकत होती.
बाई काही बोलल्या नाहीत.
चार लिहिला,
आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या:
"आन वो, दुसरी टोपली!"