सुटलेलं घर

खासबागेतून आले होते. परशराम दिवटे, वय एकसष्ट.
मागाजवळ चक्कर आली, खाली टेकले.
धोटा आपला धावतच राहिला.
"बसूनच सोडले की हो अक्का, एकदम,"
मुलगा दारातून सांगत होता.

सदरा काढला. छातीवरची पांढरी लव
सुताची की वयाची, कळेना.
गार जेली. हातापायांना चिमटे, छातीवर सहा वाट्या,
दहा वायरींत माणूस गुंतला.
"करंट देणार काय?" त्यांनी विचारलं.
"नाही काका. घेणार. तुमचाच."

सिस्टर म्हणाली, अलगाडब्याड्री.
मी म्हणाले, हलू नका.
ते दोन्ही भाषांत गप्प पडून राहिले.

तेवढ्यात करंट गेला.
पंखा दमत दमत थांबला,
गल्लीतली झेरॉक्स, समोरची पिठाची गिरणी, सगळं मुकं.
"आमच्याकडंबी असंच," ते पुटपुटले,
"दुपारी एकदम चारशे माग गप्प. कान दुखतात."
माझं यंत्र बॅटरीवर रेघ ओढत होतं
आणि त्यांच्या छातीत कुठल्याच खांबावरून वायर आलेली नव्हती.

तिथं, उजव्या वरच्या खोलीच्या भिंतीत,
भाताच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा ठिपका.
त्याला चालू कर म्हणायला कुणी जात नाही.
मेंदू फार तर सांगतो, घाई कर, किंवा दमानं घे.
क्षार आत, क्षार बाहेर,
एवढ्यावर तो पेटतो,
वरच्या दोन्ही खोल्या उजळून
मधल्या उंबऱ्यावर थबकतो.
सेकंदाचा दहावा हिस्सा.
रक्ताला खाली उतरायला तेवढी सवड पुरते.
मग झरझर जाळीतून तळाशी,
आणि तळापासून वर
ओला पंचा पिळावा तसं काळीज स्वतःला पिळतं.
रक्त सुटतं. कानशिलांना, गुडघ्यांना,
तुटला धागा अंधारातही सापडणाऱ्या
बोटांच्या टोकांना जातं.
मिनिटभरात काळवंडून परत येतं,
फुफ्फुसात वारा खातं, पुन्हा निघतं.

कागद बाहेर आला. गुलाबी, बारीक चौकटींचा.
"बघू," म्हणाले. उठून बसले, वायरींसकट.
"हा तर नकाशीचा कागद!"

मग अंगठ्याचं नख रेघेवरून चालू लागलं.
"हे बारकं टेकाड. हा उंच काटा.
टेकाड, काटा. मधी पाच घरं.
पुढं सात. पुढं नऊ, लांबत चाललंय.
आणि हितं बघा. टेकाड हाय, काटा न्हाई.
हितं वीण सुटली."

मी हे दुसऱ्या वर्षाला शिकले होते,
एका लांबलचक परक्या नावानं,
आणि त्या पेपरात एकदा नापासही झाले होते.
त्यांच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता.

"गाठ मारता येतंय काय ह्याला?"

डॉक्टर आले. ब्लडप्रेशरची गोळी पाहिली, तीच बंद केली.
ठिपका ठीक आहे म्हणाले, उंबरा आळसावलाय.
आठवड्यानं पुन्हा काढू.
मुलानं ते दोनदा वदवून घेतलं.

जाताना कागद मागितला.
मी सांगितलं, झेरॉक्स करून ठेवा,
उन्हात ह्याची रेघ उडते.
त्यांनी रुमालात घडी घातली.
"काठ बरा दिसंल ह्याचा."
"मग ते सुटलेलं घर भरून घ्या," मी म्हटलं.
ते चपलेत पाय घालता घालता थांबले.
बराच वेळ. "बघू की," म्हणाले.

आठवड्यानं आले तेव्हा माझी सुट्टी होती.
वहीत दुसऱ्याच्या अक्षरात नोंद आहे: नॉर्मल.

आता खडेबाजारात गेले की
साड्यांचे काठ अंगठ्याखालून सरकवत जाते.
टेकाड, काटा. टेकाड, काटा.
दुकानदार विचारतो, बाई, रंग कुठला दाखवू?
मी घरं मोजत असते.