कळीचा चुना

टिनोस बेटावर वारा दार वाजवत नाही,
मीठ घेऊन तसाच आत शिरतो
आणि संत आन्नाच्या चॅपेलच्या उत्तर भिंतीचे
पोपडे काढत बसतो.
म्हणून दरवर्षी, उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात,
मी, मारूसो, भट्टीवरून कळीचा चुना आणते,
खेचराच्या पाठीवर दोन गोण्या.
सव्वीस वर्षं किल्ली माझ्याकडे आहे.
लोकांना वाटतं, किल्लीबरोबर थोडं पावित्र्यही
माझ्याच खुंटीला टांगलेलं असणार.

कळीला पाणी दाखवलं की ती आधी भांडते.
फसफसते, उसळते,
भट्टीत जे जे सोसलं ते एका दमात ओकते.
सासू सांगायची, वाकून बघू नकोस, डोळे जातील.
रात्रभर विरू दे.
सकाळी बघ, लोणी.

यंदा माझ्या हौदाला चीर गेली.
चॅपेलच्या उतारावर पाणी उरलं एकाच घरात,
माझी नणंद झाम्बेता, तिच्याकडे.
अकरा वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही.
कारण सांगण्यासारखं आहे, मी पुष्कळदा सांगितलंय:
दुष्काळाच्या साली तिने पाटाची फळी खाली सोडली,
आमची लिंबं वाळली,
आणि त्याच हिवाळ्यात तिचा भाऊ, माझा नवरा.
दोन्हींचा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले.
मी तो बांधून ठेवला.
रोज रात्री गाठ ओढून बघते, घट्ट आहे.

बाकी सगळं पाळलं.
मांस नाही, अंडं नाही, शुक्रवारी तेलाचा थेंब नाही.
गुडघ्यांना घट्टे पडले, ते मी कधी कुणाला दाखवले नाहीत
(दिसतील असे बसले, एवढंच).
फक्त प्रभूच्या प्रार्थनेत,
ऋण आणि सूट जिथे येते त्या ओळीवर,
मला खोकला यायचा.
अकरा वर्षांचा खोकला.
पाद्रे इयाकोवोस एकदा म्हणाले, औषध घे, मारूसो.
त्यांना कळलं होतं की नाही,
हे मला अजून कळलेलं नाही.

तर मी पायरीवर बसले, शेजारी कोरडी कळी.
आभाळाकडे बघून झालं. संत आन्नाकडेही.
मग उतारावरून बादल्यांची कडी वाजली
आणि झाम्बेता वर आली, धापा टाकत,
एका हाताला एक, दुसऱ्या हाताला एक.
म्हणाली, "चुन्यासाठी. तुझ्यासाठी नाही."

मी पाणी ओतलं.
कळी उसळली, शिंतोडे उडाले,
आणि आम्ही दोघी एकदमच मागे सरलो,
एकाच बाजूला.

सकाळी ती कुंचा घेऊन हजर. मी विचारलं नाही, का.

ओला चुना पांढरा नसतो, हे कुणी आधी सांगत नाही.
लावताना भिंत मळकट दिसते, ओशाळलेली,
होती त्याहून वाईट.
नवशिकी माणसं घाबरतात,
लगेच दुसरा हात मारतात, तिसरा,
आणि मग सगळंच सोलून निघतं.
थांबावं लागतं.
वाऱ्यातलं काहीतरी तो श्वासासारखं आत घेतो,
आपल्याला न दिसणारं,
आणि हळूहळू परत दगड होतो.
पण पांढरा.

इतक्या वर्षांच्या हातांनी दाराची चौकट अरुंद झाली आहे.
सासूच्या लहानपणी म्हणे भरल्या गोणीनिशी गाढव शिरायचं.
आता माणसालाही खांदा तिरका करावा लागतो.
पास्काच्या रात्री झाम्बेता मेणबत्ती धरून आत आली,
काळी बाही चौकटीला घासली, पांढरी झाली.
झटकायला माझा हात पुढे गेला.
मध्येच थांबला, तिथेच राहिला.
तिने तो पाहिला.

मग प्रार्थना. मग ती ओळ.
खोकला आला, मी गिळला.
तोंडातून "आम्हीही" एवढाच शब्द निघाला,
तोही घोगरा.

बाकीची ओळ अजून ओली आहे.