रकाना सात

विट्याच्या नगरपालिकेत, खिडकी क्रमांक तीनला,
अर्जाचं दुसरं पान उलटून ती पोरगी म्हणाली,
"काका, रकाना सात राहिलाय.
जुन्या साधनाची कार्यक्षमता. टक्क्यांत लिहा."

बत्तीस वर्षं मी सेलमला गलाई केली.
सोनाराच्या दुकानातला केर, झाडूची धूळ, फाटकी पायपुसणी
जाळून, मुशीत घालून, त्यातनं सोनं काढलं.
कसोटीवर एक रेघ ओढून
टंच सांगायचो, ब्याण्णव की साडेब्याण्णव,
आणि त्या अर्ध्यासाठी तमिळमध्ये भांडायचो.
पण बंबाचा टंच?

तांब्याचा बंब. शालनच्या माहेरचं आंदण.
पोटावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं,
चि. शालन हीस, मु. बलवडी.
तोटीपाशी दोन डाग, ते माझ्या हातचे,
सुट्टीला आलो होतो तेव्हाचे.
बाकी अकरा महिने बंब रोज पेटायचा
आणि मी घरी नसायचो.

पहाटे पाचला ती मागच्या दारी उकिडवी बसायची.
कणसाची बुरकुंडं, उसाची चिपाडं,
छाटणी झाली की भावाच्या बागेतल्या द्राक्षाच्या काड्या,
भारा बांधून, डोक्यावरनं.
ओल्या काड्या जास्ती धुरतात.
हे तिनं मला कधी सांगितलं नाही.
डॉक्टरांनी सांगितलं,
छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरून.

तर, शंभर भाग आग धरू.
त्यातली काही पाण्यात गेली असेल.
काही मधल्या नळीतनं सरळ आभाळात.
काही भिंतीत; ती भिंत मी तीनदा रंगवून घेतली,
तीनदा काळी झाली.
आणि काही

मागं रांग खोळंबली होती.
पोरीनं पेन काढून घेतलं, लिहिलं, पंचवीस.
"अंदाजे?" मी म्हणालो.
"सगळ्यांचं तेवढंच लिहितो, काका."

अट चार होती: जुन्या साधनासोबत लाभार्थ्याचा फोटो.
शालननं आदल्या दिवशी चिंच भिजत घातली.
दुपारभर घासत बसली.
"जायचंच आहे की ते," मी म्हणालो.
"म्हणून काय काळ्या तोंडानं जायचं?"
फोटोत ती हसली नाही. बंब मात्र झळकला,
आणि त्याच्या पोटात, वाकडातिकडा,
मोबाइल धरलेला मी.

मोडीला इलाही मणेर आला, काटा घेऊन.
अकरा किलो चारशे.
आत हात घालून बोटं काळी करून दाखवली त्यानं,
"काजळीची घट, दोनशे ग्रॅम."
जन्मभर मीच लोकांची घट कापत आलो.
घासाघीस केली नाही.
आत शालन खोकत होती
आणि तिच्या घटीला कुठला काटा लावायचा
ते मला येत नव्हतं.

आता गच्चीवर काचेच्या वीस नळ्या आहेत, दक्षिणेला तोंड करून.
अनुदान चार महिन्यांनी आलं,
आधार कार्डाची तीच झेरॉक्स तिसऱ्यांदा दिल्यावर.
मोडीच्या पैशात वरचं भागलं,
नळ जोडणाऱ्यानं दोनशे जास्त घेतले.
पाऊसपाण्याचे दिवस कसे जातील, बघायचंय.

शालन अजून पाचलाच उठते.
मागच्या पायरीवर बसते.
पेटवायला काही नाही, फुंकायला काही नाही,
हात कुठं ठेवायचे ते हातांना कळत नाही.

आज तिनं तोटी सोडली.
आधी नळीतलं गार पाणी आलं,
ते बादलीत धरलं, कढीपत्त्याला.
मग कोमट. मग कढत.
तिनं हात खाली धरला आणि तसाच ठेवला.
आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं.
एरवी मी बोललो असतो.
मुशीत सोनं फिरायला लागलं की
गलाईवाला बोलत नाही. तसा उभा राहिलो.

"बघा की," ती म्हणाली, "भाजाय लागलंय."

हात काही मागं घेतला नाही.