भेला की उडतं

घाटंजीला बसस्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
एक पडदा. पडद्याआड दोन खुर्च्या, एक टीव्ही
आणि दोन रिमोट. त्यातला बटण रुतलेला
नेहमी माझ्या वाट्याला.
वीस रुपयांत अर्धा तास.
लाईन गेली तर तेवढा वेळ धरत नाहीत, इतकी माणुसकी.

दिवसा मी जिनिंगच्या काट्यावर असतो.
कापसाची गाडी चढली की आकडे नाचतात,
तेवीसशे चाळीस, साठ, पुन्हा चाळीस,
आणि मी हात वर करून ड्रायव्हरला म्हणतो,
थांब गड्या, हलू नको, आकडा बसू दे.
दिवसातून साठ वेळा तरी म्हणतो.
संध्याकाळी त्या खुर्चीत मात्र
माझाच आकडा बसत नाही.

तारका मडावी अकरावीला आहे.
पारव्याची साडेपाचची गाडी लागेपर्यंत खेळते,
दप्तर मांडीवर, चप्पल काढून.
पहिल्या दिवशी तिनं मला अकरा वेळा पाडलं.
अकराही वेळा हवेत.
मी उडी मारली, तिचा गडी खाली बसला, मूठ वर.
मी उडी मारली, मूठ वर.
पिकला जांब सुटावा
आणि खाली कुणी ओचा धरून उभंच असावं, तसा मी.

रिमोट ठेवता ठेवता ती म्हणाली,
"दादा, राग नको मानू. तू भेला की उडतं."

खरं होतं.
ती दोन पावलं पुढं आली की माझा अंगठा वर जातो.
मी नेत नाही. जातो.
जसं मालकानं नाव घेतलं की
"हो साहेब" आधी निघतं तोंडातून,
काम काय होतं ते मागून कळतं.

मग गाठीची सुतळी घेतली, अंगठ्याला दोन वेढे दिले
आणि ठरवलं, संक्रांतीपर्यंत उडायचं नाही.
हरलो तर हरलो.

जमिनीवर राहून हरायचे इतके प्रकार असतात
हे मला ठाऊकच नव्हतं.
नडगीवर लाथ. गचांडी धरून आपट.
दोघंही नुसते उभे, आणि वेळ संपून
मीच हरलेला, कसा ते देव जाणे.
झेरॉक्सवाला शेषराव पडदा सारून म्हणाला,
"पैसे देऊन मार खानारा तूच पाह्यला बावा."

वजनाच्या पावतीमागं लिहीत गेलो.
सोमवार, उड्या नऊ.
मंगळवार, सात.
बुधवार, बाजार. गेलो नाही.
गुरुवार, चौदा. (रागात.)
शुक्रवार, तीन.
किती जिंकलो, हा रकानाच नव्हता.

जानेवारीतली एक संध्याकाळ. थंडीनं बोटं आखडलेली.
दोघांच्याही पट्टीत करंगळीएवढा जीव उरलेला.
ती दोन पावलं पुढं आली.
अंगठा हलला. सुतळी रुतली.
मी ओठातल्या ओठात म्हटलं, आकडा बसू दे.

तिची मूठ वर गेली.
वर कुणीच नव्हतं.

ती रिकामी मूठ
मी इतका डोळे भरून पाहत राहिलो
की मारायचंच विसरलो.
खाली येऊन तिनं मला आडवा केला.

बाहेर पारव्याच्या गाडीनं हॉर्न दिला.
ती उठली नाही. पडद्यावरच्या स्वतःच्या गड्याकडं
भुवया जुळवून पाहत होती,
घरच्या कुत्र्यानं अचानक ओळख विसरावी तशी.
दुसरा हॉर्न झाला तेव्हा दप्तर उचललं, चप्पल शोधली
आणि पडद्यातून डोकं आत घालून म्हणाली,
"उडत नाही आता. पन नुसता बसून राह्यतं तू.
उद्या पाह्यतो तुले."

सुतळी सोडली. अंगठ्यावर दोन लाल वळ.
खिशातली पावती काढली,
"उड्या"च्या शेजारी एक रेघ ओढली
आणि वर काय लिहावं
याचा विचार करत बसलो,
शेषरावनं लाईट मालवेपर्यंत.