सुटा तारा

देवळालीहून आल्या खोर्शेदबाई,
रुमालात गुंडाळलेला एक तारा घेऊन.
"जुनं काम जाणणारे तुम्हीच उरलात म्हणे सराफ बाजारात."
उरलो म्हणजे, चष्म्याचा नंबर वाढला, इतकंच.

भिंगाखाली धरला.
बारा टोकं. समोर चांदी, पाठीला सोनं.
चांदी काजळलेली,
हिरे मेणबत्तीच्या उजेडासाठी पाडलेले,
माझ्या ट्यूबलाइटखाली बुजल्यासारखे.

पाठीवर मळसूत्र.
म्हणजे हा एकटा नव्हता.
सातासमुद्रापार कुणा सरदारणीच्या कपाळावर
असे पाच असणार, कमानीत,
बारीक स्प्रिंगांवर.
ती मान वळवायची
आणि आभाळ थरथरायचं.

"पप्पांनी लिलावात घेतला ताज. आम्ही पाच बहिणी.
मम्मीने पेचकस घेतला नि वाटून टाकला.
एक कराचीत, एक लंडनला, एकीने विकला.
एकीचं विचारू नका."
मी विचारलं नाही.

स्प्रिंग तुटलेली.
तार ओढली, पीळ दिला,
सहादा सुटली, सातव्यांदा धरली.
रविवार कारंज्याकडून टेम्पो गेला
तसा तारा चिमट्यात हलला.

एका टोकाचं घर रिकामं.
"तिथे काय बसवू?"
"राहू दे. तेवढा तरी खरा आहे."

सकाळी दुकानासमोर
झारेकरीण ठकूबाई धूळ पाटीत भरत होती.
"काल काही सांडलं का, शेठ?"
"नाही गं. आलं तेच सांडून आलं होतं."

तरी तिने उंबऱ्याची फट दोनदा झाडली
आणि पाटी घेऊन
गंगेवर गेली धुवायला.